खोक्यातलं गुलाबी बदक

“ताई, गुलाबी डोक्याचं बदक आहे. वडिलांनी 1948 साली बिहारात मारलेलं.” काकांनी खोकं टेबलावर ठेवलं आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत बसले.

मी संग्रहालयात पक्ष्यांची जुनी कातडी आणि त्यांची लेबलं सांभाळते. “आमच्याकडे दुर्मिळ पक्षी आहे” म्हणणारे अधूनमधून येतात आणि खोक्यातून साधी घार निघते. पण हे साल ऐकून मी हातातलं काम बाजूला ठेवलं. या बदकाची भारतातली शेवटची भरवशाची नोंद 1935 ची, दरभंग्याजवळची. गंमत म्हणजे 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत, घातलं, तेव्हा ते दिसेनासं होऊन सदतीस वर्षं झाली होती.

हातमोजे घालून पक्षी बाहेर काढला. भुसा भरून लाकडी फळीवर उभा केलेला नर. डोकं फिकट, नारिंगीकडे झुकणारं. चोच लालभडक, पण पेंढा भरणारे कारागीर चोच रंगवतात, तेव्हा तिचं ऐकायचं नाही. डोक्याच्या रंगाचंही फारसं नाही, कारण खऱ्या गुलाबी बदकाचा गुलाबी रंगही जुन्या कातडीवर विटतो. बघायचं ते पोट आणि कुशी. गुलाबी बदकाचं अंग खालूनही गडद तपकिरी असतं. मऊ ब्रशने धूळ झाडली तर कुशीला मळकट पांढरा पट्टा, छाती काळी. पंख जरासा उचलला, त्यावरही रुंद पांढरी पट्टी.

मोठी लालसरी. हिवाळ्यात आपल्या तलावांवर येणारं बदक. गुलाबी बदक दिसल्याच्या कितीतरी बातम्या शेवटी हिच्यावरच येऊन थांबल्यात.

काकांना सांगितलं. ते गप्प झाले, मग म्हणाले, “पण ‘असू शकेल’ एवढं तरी लिहून द्या की. कुणाचं काय बिघडतं?”

बिघडतं. मी त्यांना आपल्या खानदेशातल्या रानपिंगळ्याची हकिगत सांगितली. हा छोटा घुबड 1884 नंतर कुणाला खात्रीने मिळाला नव्हता. फक्त मायनरत्झहागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या संग्रहात एक होता, 1914 चा, गुजरातेतल्या मांडवीचा. लोकांनी त्या भागात शोध घेतला, हाती काही लागलं नाही. पुढे पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती कातडी तपासली. तो पक्षी डेव्हिडसन या ब्रिटिश पक्षी-संग्राहकाने आधीच्या शतकात जमवलेल्यांपैकी होता. चोरलेला, नव्याने शिवलेला, वर खोटं लेबल लावलेला. मांडवी सोडून जुन्या, खऱ्या लेबलांवरची ठिकाणं धुंडाळली, तेव्हा नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा समोर बसलेला सापडला. नाहीशा झालेल्या प्राण्याचा पत्ता म्हणून आपल्या हातात असतं ते लेबलच. मी ‘असू शकेल’ लिहिलं की उद्या कुणी तेवढ्यावर मोहीम काढणार.

“मग हेही सापडेल कुठेतरी,” काका म्हणाले.

मला तशी आशा फार वाटत नाही. रानपिंगळ्याला चुकीच्या जागी शोधत होते. या बदकाच्या मात्र जागाच गेल्या. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या उंच गवतातली दलदलीची डबकी हे त्याचं घर. तिथे शेतं झाली, वर बंदुका होत्याच. निदान तिथे उरलं असेल या आशेने म्यानमारमध्ये अलीकडेही मोहिमा जाऊन आल्या, रिकाम्या हातांनी.

वडिलांच्या वहीत शिकारीची जागा लिहिली आहे का, तेही विचारलं. वही होती, पण घर बदलताना रद्दीत गेली. मला लालसरीपेक्षा तिचंच जास्त वाईट वाटलं.

काकांनी पक्षी संग्रहालयाला द्यायला नकार दिला. वडिलांची आठवण आहे, दिवाणखान्यातच राहील म्हणाले. मग मी त्यांना बसवून घेतलं आणि सांगितलं की त्या काळी कातडीला कीड लागू नये म्हणून आतून सोमल, म्हणजे आर्सेनिक, चोपडत. ते अजून तिथेच असतं. पक्षी काचेच्या बंद पेटीत ठेवा, झटकू नका, नातवंडांच्या हातात देऊ नका. काका खोक्याकडे बघत म्हणाले, “अहो, येताना रिक्षात मांडीवर धरून आलो की!” मी त्यांना आधी हात धुवायला बेसिनकडे पाठवलं.