काशीनरेशांचा आड आणि चिल्टर्नची कोरडी टेकडी

रेडिंग शहरात राहायला येऊन मला चार वर्षे झाली, तरी तिथून उत्तरेला अर्ध्या तासाच्या अंतरावर असलेल्या स्टोक रो या ऑक्सफर्डशायरमधील खेड्यात जाण्याचा योग मात्र गेल्या मे महिन्यात आला, आणि तोही वडील गावाहून आले म्हणून. वडिलांचे आयुष्य सातारा जिल्ह्यातील दुष्काळी माण तालुक्यात गेले आहे. लंडनमधील राजवाडे आणि संग्रहालये त्यांनी सौजन्याने पाहिली, पण काशीच्या राजाने इंग्लंडमधील एका खेड्याला विहीर बांधून दिली आहे असे सांगताच ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता तयार होऊन बसले.

स्टोक रो म्हणजे एका रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेली वस्ती. बीच वृक्षांची दाट राई, गारगोटीच्या दगडांत बांधलेले 1846 सालचे छोटे चर्च आणि मधोमध, कोणतीही पूर्वसूचना न देता, लोखंडी खांबांवर उभा असलेला कांद्याच्या आकाराचा घुमट. घुमटाखाली रहाटाचे यंत्र आहे आणि त्यावर एक सोनेरी हत्ती. ही विहीर भारतातील बनारसच्या महाराजांनी दिली, असा मजकूर छताच्या कडेने कोरलेला आहे. तोंडाचा व्यास चार फूट आणि खोली 368 फूट. लंडनचे सेंट पॉल कॅथीड्रल 365 फूट उंच आहे, म्हणजे ते उलटे करून खाली सोडले तरी तळाला टेकणार नाही. वडिलांनी मात्र वेगळाच हिशोब केला. "हिला विहीर कोण म्हणतं? हा आड आहे. साठ परसांच्या वर भरेल," असे म्हणून ते बराच वेळ आत डोकावत राहिले. (परस म्हणजे साधारण माणसाच्या उंचीएवढी खोली.)

हिरव्यागार इंग्लंडमध्ये पाण्यासाठी इतके खोल जावे लागावे, हे प्रथम पटत नाही. पण स्टोक रो ज्यांच्या माथ्यावर वसले आहे, त्या चिल्टर्नच्या टेकड्या खडूच्या दगडाच्या आहेत. पावसाचे पाणी त्या सच्छिद्र दगडातून झिरपत थेट खाली जाते आणि टेकडीच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. माथ्यावरच्या चिकणमातीत साचलेली डबकी आणि छपरावरून गोळा केलेले पावसाचे पाणी एवढ्यावरच इथल्या लोकांना दिवस काढावे लागत, आणि उन्हाळा कडक असला की तेही आटे.

या टंचाईची वार्ता काशीला पोचवली ती एडवर्ड अँडरडन रीड यांनी. स्टोक रोला लागून असलेल्या इप्सडेन गावचे हे गृहस्थ ब्रिटिश राजवटीत उत्तर भारतात मोठे अधिकारी होते, आणि 1831 साली आझमगढला त्यांनी लोकांसाठी विहीर खोदवून घेतली होती. घरातले उरलेसुरले पाणी पिऊन टाकले म्हणून स्टोक रोमधील एका मुलाला आईने मार दिला, ही आपल्या लहानपणीची आठवण त्यांनी महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांना सांगितली होती. महाराजांनी ती लक्षात ठेवली. मार्च 1863 मध्ये खोदकाम सुरू झाले आणि 24 मे 1864 रोजी, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी, विहीर खुली झाली. सारे काम हातांनी झाले. चार फुटांच्या त्या नळीत एका वेळी एकच माणूस कसाबसा कुदळ चालवू शकला असेल. खर्च झाला 353 पौंड, 13 शिलिंग आणि 7 पेन्स. सात पेन्सपर्यंतचा हा हिशोब मला घुमटापेक्षा जास्त आवडला.

विहिरीशेजारी महाराजांच्या नावावरून 'ईश्री बाग' म्हटली जाणारी चेरीची बाग लावली गेली, आणि तिच्या फळांच्या विक्रीतून विहिरीची देखभाल व्हावी अशी सोय केली गेली. देवळाच्या दिवाबत्तीसाठी जमीन इनाम लावून देण्याची आपली जुनी रीत ज्यांना माहीत आहे, त्यांना यामागचा विचार वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. विहीर खोदणे हे पुण्यकर्म, ही भावनाही त्याच रीतीतली. ज्या काशीत अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले, त्याच काशीच्या राजाने पुण्याचा हा वाटा समुद्रापार पाठवला.

मात्र या दानाकडे केवळ भाबडेपणाने पाहणे मला जमत नाही. 1857 च्या उठावाला तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षे झाली होती. झाशीच्या लक्ष्मीबाईंचा जन्म काशीचा. काशीनरेश मात्र त्या संग्रामात इंग्रजांच्या बाजूने राहिले होते. मैत्री, भूतदया आणि सत्तेपुढची निष्ठा यांची वाटणी या घुमटाखाली कशी करायची? लंडनच्या रीजंट्स पार्कमधील 1869 ची पाणपोई मुंबईच्या सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी दिलेली आहे, आणि तीसुद्धा इंग्रजी राज्यात पारशी समाजाला मिळालेल्या संरक्षणाबद्दल कृतज्ञता म्हणून. दुसरी गोष्ट त्याहून बोचरी आहे. स्टोक रोची विहीर पहिल्या दिवसापासून कोणालाही विनामूल्य खुली होती. त्याच काळात आपल्याकडील असंख्य पाणवठे अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना बंद होते. जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला तो 1868 साली, आणि महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी 1927 सालीही झगडावे लागले.

सुमारे सत्तर वर्षे गाव या विहिरीचे पाणी प्याले. भरलेला पोहरा वर यायला दहा मिनिटे लागत. 1964 च्या शताब्दी सोहळ्याला प्रिन्स फिलिप आले होते, आणि त्या वेळी काशीहून आणलेले गंगाजल विहिरीच्या पाण्यात मिसळण्यात आले.

तिथून नेटलबेडला गेलो. घरांच्या मधोमध उभी असलेली बाटलीच्या आकाराची वीटभट्टी सोडल्यास तिथे थांबण्यासारखे आम्हाला फारसे काही वाटले नाही; पण ज्या मातीमुळे माथ्यावर डबकी टिकत, त्याच मातीच्या विटा इथे शतकानुशतके भाजल्या गेल्या आणि त्यांतली ही शेवटची भट्टी उरली आहे, एवढे समजले की ती पाहण्याचे सार्थक होते.

यूएल्म हे गाव टेकडीच्या पायथ्याशी आहे आणि तिथे सगळेच उलटे आहे, म्हणजे पाणीच पाणी. चर्चमध्ये 1475 साली निवर्तलेल्या अ‍ॅलिस चॉसर या डचेसची संगमरवरासारख्या चमकत्या दगडाची समाधी आहे. वर राजवैभवात पहुडलेली अ‍ॅलिस, आणि खालच्या अंधाऱ्या जाळीआड तिचेच कुजत चाललेले कलेवर कोरलेले. ते पाहण्यासाठी जमिनीवर झोपावे लागते. वडिलांनी गुडघ्यांची तक्रार बाजूला ठेवून तेही केले. तिने व तिच्या पतीने 1437 मध्ये तेरा गरीब पुरुषांसाठी स्थापन केलेले आश्रयगृह चर्चला लागूनच आहे, आणि त्या विटांच्या घरांत आजही माणसे राहतात.

रस्त्याच्या कडेने वाहणाऱ्या झऱ्याच्या पाण्यावर इथे वॉटरक्रेस नावाची, अळिवाच्या पानांसारखी तिखट लागणारी भाजी 1988 पर्यंत पिकवली जात असे. ते वाफे आता निसर्गस्थळ म्हणून जपले आहेत. परतीची बस यायला दीड तास होता, म्हणून आम्ही काठावर बसलो, आणि वडिलांनी गावी काकांना फोन लावून साठ परसांची हकीकत सविस्तर सांगितली. राजा, हत्ती, घुमट, चेरीची बाग, सगळे काकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, "पाणी लागलं का पण?"