पाकोळी की बावीस-अडीचशे?

भाचा वायोमिंगला असतो. मे महिन्यात घरी आला, दोन दिवस नुसते हापूस हाणले, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी पडवीत आडवा पडल्या पडल्या म्हणाला, “मामा, रायफल घ्यायचीय. बावीस-अडीचशे घेऊ की दोनशेवीस स्विफ्ट?” ही तिकडच्या दोन काडतुसांची नावं, रायफल त्यांच्यावरूनच ओळखतात.

घरात बंदूक बाळगणारा मी एकटाच, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. पण माझी बंदूक म्हणजे वडिलांच्या मागे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर माझ्या नावावर चढलेली दुनळी बाराबोर. पस्तीस-चाळीस मीटरच्या पुढे तिच्या छर्ऱ्यांचा भरवसा मी धरत नाही. हा विचारत होता तीनशे यार्डांचं. म्हणजे आमच्या शेतावरच्या मांगरात बसून वहाळापलीकडच्या काजूखाली काय हलतंय ते टिपायचं!

काडतुसांच्या दोन रिकाम्या पुंगळ्या दाखवायला आणतो म्हणाला होता. मीच नको म्हटलं. सामानात रिकामी पुंगळी निघाली तरी आपल्याकडे विमानतळावर पोलिसांचं लचांड मागे लागतं. मग त्याने वहीच्या पानावर दोन्ही मापात काढून दाखवल्या. गोळी दोन्हींत सारखीच, ५.७ मिलिमीटर जाडीची. फरक पुंगळीत. स्विफ्टची ५६ मिलिमीटर लांब, खांदा उतरता, बुडाची कड किंचित बाहेर आलेली. बावीस-अडीचशेची साडेअठ्ठेचाळीस, आखूड आणि खांद्यात भरलेली.

स्विफ्ट १९३५ सालची, विंचेस्टर कंपनीची. ४८ ग्रेनची गोळी सेकंदाला ४,११० फूट. ग्रेन हे माप आपल्याला परकं. ४८ ग्रेन म्हणजे जेमतेम तीन ग्रॅम. एवढीशी चीज एका सेकंदात सव्वा किलोमीटर जाणार. कारखान्यातून निघालेल्या काडतुसाने चार हजाराचा आकडा ओलांडला तो तेव्हा पहिल्यांदा. स्विफ्ट म्हणजे पाकोळी, हे मी भाच्याला सांगितलं. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवरच्या गुहांत घरटी करतात त्या. त्याला पाकोळी माहीत नव्हती, बंदुकीच्या नळीचे आटे, म्हणजे गोळीला गरगर फिरवणाऱ्या आतल्या खाचा, मात्र इंचात पाठ!

बावीस-अडीचशेची गोष्ट मला जास्त आवडली, कारण तिला बरीच वर्षं बापाचं नावच नव्हतं. १९१५ च्या सुमाराची सॅव्हेज कंपनीची २५०-३००० ही पुंगळी घ्यायची, तिची मान आवळून बावीसची गोळी बसवायची, हा उद्योग तिथले हौशी लोक १९३० च्या दशकापासून घरच्या घरी करत होते. रेमिंग्टनने १९६५ साली तिला आपलं नाव दिलं. गंमत म्हणजे आदल्याच वर्षी विंचेस्टरने स्विफ्टच्या जागी २२५ नावाचं नवं काडतूस आणलं होतं. ते बिचारं बावीस-अडीचशेपुढे उभंच राहिलं नाही. घरात वाढलेलं पोर पुढे गेलं आणि वाजतगाजत आणलेलं मागे पडलं.

आता वेगाचं बोलायचं तर ५५ ग्रेनच्या गोळीला बावीस-अडीचशे ३,६८० फुटांच्या आसपास वेग देते. स्विफ्ट तिच्याहून फार तर शंभरेक फूट पुढे. या शंभर फुटांवर तिकडे माणसं नव्वद वर्षं भांडतायत म्हणे. मी भाच्याला विचारलं, “तू मारणार काय आणि दिवसाला बार किती काढणार?” तर म्हणाला, मुख्यतः प्रेअरी डॉग. कुरणात बिळं करून राहणारी खारीच्या जातीची जनावरं, रँचवाले त्यांच्यावर वैतागलेले असतात. कधी मेंढ्यांची कोकरं उचलणारा कोयोटी, तिकडचा छोटा लांडगाच म्हणा. आणि बार? दिवसाला दीडशे-दोनशे.

मी ताडकन उठून बसलो. माझी पंचवीस काडतुसांची पेटी दोन पावसाळे पुरते. दोनशे बार एका दिवसात! मग दोन्ही सोड की. तीच जाडी घेऊन दोनशे तेवीस आहे, १९६४ सालची. वेग ३,२४० फूट, पण दारू लागते दोनतृतीयांशाच्या आसपास, नळी तापते कमी, आणि काडतुसं म्हणे तिकडे कुठल्याही दुकानात. दोनशे यार्डांवर नेम बांधला तर तीनशेवर बावीस-अडीचशेची गोळी सहा-सात इंच खाली येते आणि दोनशे तेवीसची आठ-नऊ. दोन इंच! तिथला वारा तर त्याहून जास्त बाजूला नेतो, हे त्यानेच कबूल केलं. बारीक नळीतून एवढी दारू पेटवली की आटे सुरू होतात तिथलंच पोलाद आधी जळतं. स्विफ्ट त्यासाठी बदनाम होतीच, बावीस-अडीचशेही काही फार मागे नाही.

पण एका गोष्टीचा मला हेवा वाटला. या हलक्या, पातळ कवचाच्या गोळ्या एवढ्या वेगाने जमिनीवर आपटल्या की तिथेच फुटून भुगा होतात, उसळून पुढे जाण्याची भीती बरीच कमी. आमच्याकडे सडा म्हणजे उघडा कातळ. बारा-तेरा वर्षांपूर्वी भाताची राखण करताना वनखात्याची परवानगी हातात होती, डुक्कर दगडी गडग्याच्या खिंडारातून आत शिरत होता, मी एल.जी.चा, म्हणजे जाड छर्ऱ्यांचा, बार काढला. डुक्कर गेला. एक छर्रा कातळाला लागून किंचाळत निघाला आणि पायवाटेच्या बाजूला कुठेतरी गेला. वाटेवर कोणी नव्हतं. पण तो आवाज अजून कानात आहे. तेव्हापासून जनावराच्या मागे माती दिसल्याशिवाय मी घोड्याला बोट लावत नाही, आणि त्यापायी निम्म्या रात्री बार न काढताच घरी येतो.

आमचा गडी काजूबिया सोलत हे सगळं ऐकत होता. शेवटी म्हणाला, “भाऊ, डुकर काय गोळयेचो वेग इचारून पळता? तुमी बसतास खय, ता बगा.” त्याच्या मते मी दरवर्षी वाऱ्याच्या चुकीच्या अंगाला बसतो, म्हणजे माझा वास डुकराला आधीच लागतो. खरं आहे ते.

तर माझं मत मी सांगून टाकलं. बिळांवर दिवसभर बसायचं तर दोनशे तेवीस. कोयोटीसाठी एकच रायफल हवी तर बावीस-अडीचशे, पण नळीचे आटे बघून घे. जुन्या नळ्यांत चौदा इंचांना एक फेरा असतो, त्यातून ५५ ग्रेनच्या फार वरची लांबोडकी गोळी सरळ जात नाही. स्विफ्ट फक्त प्रेमात पडला असशील तर. भाच्याने मान डोलावली, वही बॅगेत टाकली, आंब्याची पेटी घेऊन गेला.

जुलैत त्याचा फोटो आला. अक्रोडाच्या दस्त्याची जुनी रायफल, लाकडावर काय सुंदर रेषा! नळीवर अक्षरं कोरलेली. मी फोटो मोठा करून वाचलं. दोनशेवीस स्विफ्ट.

खाली लिहिलं होतं, “मामा, रागावू नको. काडतुसं गावात नाहीत, मागवलीयत.”

मी त्याला उलट लिहिलं की दहा बारांनंतर नळी गार होऊ दे. आणि मग मांगराच्या मागे गेलो, गड्याने दाखवलेल्या जागी दोन चिरे मांडून बसून बघितलं. वारा तोंडावर येत होता.