सोलरचं कोटेशन वाचताना

कोटेशनचा शेवटचा आकडा आधी बघू नका. वर्षभराची वीजबिलं काढा, युनिट मोजा. महाराष्ट्रात 1 किलोवॅट महिन्याला साधारण 110-120 युनिट देतो, पावसाळ्यात बराच कमी. महिन्याला 300 युनिट लागत असतील तर 3 किलोवॅट पुरे. ‘पाच टाका’ म्हणणाऱ्याला कारण विचारा, कारण पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान 3 किलोवॅटला 78,000 रुपये आहे आणि त्यापुढे वाढत नाही. पॅनेल मात्र डीसीआर, म्हणजे भारतीय सेलचेच हवेत.

बहुतेक इन्स्टॉलर पैसे वाचवतात ते स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे पॅनेल ज्यावर बसतात त्या लोखंडी सांगाड्यात. ‘हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, 80 मायक्रॉन’ (वितळलेल्या जस्तात बुडवून दिलेला थर आणि त्याची जाडी) असं लिहूनच घ्या. नुसतं ‘जीआय’ (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड) असेल तर वेल्डिंगचे सांधे आधी गंजतात, कोकणातल्या खाऱ्या हवेत तर फारच लवकर. स्लॅबला भोकं पाडून पाय बसवले आणि वॉटरप्रूफिंग नीट केलं नाही, की खालच्या खोलीत गळती ठरलेली. अर्थिंग तीन वेगळी हवीत: डीसी (पॅनेलची बाजू), एसी (इन्व्हर्टरनंतरची घरची बाजू) आणि लायटनिंग अरेस्टर (आकाशातली वीज जमिनीत उतरवणारा).

पाण्याच्या टाकीची सावली डिसेंबरात सर्वात लांब पडते, पॅनेलची जागा त्या हिशेबानं ठरवा. आणि शेवटचा हप्ता नेटमीटर, म्हणजे वीज कंपनीकडून घेतलेली आणि तिला दिलेली वीज मोजणारा मीटर, बसल्यावरच द्या.