‘नकोस’मधला स आणि स्पॅनिशमधला स

स्पॅनिशमध्ये ‘बोल’ म्हणजे ‘आब्ला’, मग ‘बोलू नकोस’ म्हणायचं तर पुढे नुसतं ‘नो’ लावलं की झालं असं समजून मी बरेच दिवस ‘नो आब्ला’च म्हणत होते. ते चूक आहे, बरोबर रूप ‘नो आब्लेस’. आणि विचार केला तर आपण तरी कुठे ‘बोल नकोस’ म्हणतो, आपलंही ‘बोल’चं ‘बोलू’ होतंच की!

करायचं असं, की वर्तमानकाळातलं ‘मी’चं रूप घ्यायचं, जसं ‘आब्लो’, शेवटचा ओ काढायचा आणि उलटा स्वर लावायचा. म्हणजे मूळ रूप ‘आर’ने संपणाऱ्या क्रियापदांना ए आणि ‘एर’, ‘इर’ने संपणाऱ्यांना आ. ‘कोमे’ म्हणजे खा, पण खाऊ नकोस म्हणजे ‘नो कोमास’. ‘आब्रे’ म्हणजे उघड, उघडू नकोस ‘नो आब्रास’.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. ‘नकोस’मध्ये स आहे, ‘नो आब्लेस’मध्येही स आहे, आणि अहो-जाहो करताना आपण ‘नका’ म्हणतो तेव्हा स जातो, तसाच तिकडे ‘उस्तेद’ला, म्हणजे आदराच्या ‘तुम्ही’ला पण जातो, ‘नो आब्ले’, ‘नो कोमा’. हे एकदा दिसलं आणि त्यानंतर माझी तू आणि तुम्ही यांत गल्लत झाली नाही. बरेच जण असतील तर ‘नो आब्लेन’, फक्त स्पेनमध्ये मित्रमंडळींना ‘नो आब्लेइस’ म्हणतात.

‘तोकार’ म्हणजे हात लावणे, त्याचं ‘नो तोकेस’. रोमन लिपीत इथे सी जाऊन क्यू यू येतं आणि त्यावर लोक खूप अडतात, पण ते फक्त क चा उच्चार टिकावा म्हणून आहे, कानाला काहीच बदललेलं नसतं, देवनागरीत लिहून बघा, क चा क च राहतो.

सर्वनामाकडे मात्र नीट लक्ष द्या, ‘आब्लामे’ म्हणजे माझ्याशी बोल, तिथे ‘मे’ मागे चिकटतो, आणि नकारात तो सुटून क्रियापदाच्या आधी येतो, ‘नो मे आब्लेस’. हे मोठ्याने म्हणूनच बसतं, मी स्वयंपाक करताना म्हणते.

आणि पाटीवर ‘नो तोकार’ दिसलं तर गोंधळू नका, ते कोणा एकाला उद्देशून नसतं म्हणून मूळ क्रियापदच ठेवतात, आपण पाटीवर ‘हात लावू नये’ लिहितो ना, तसंच.