पेनांगचं वॉटरफॉल गार्डन, वॉटरफॉल सोडून

आधीच सांगतो, धबधबा बघायचा म्हणून जात असाल तर जाऊच नका. मलेशियातल्या पेनांग बेटावर, जॉर्जटाऊन शहरात कोणालाही विचारा, बोटॅनिक गार्डनला वॉटरफॉल गार्डन म्हणतात, तिकडे जाणाऱ्या रस्त्याचं नाव वॉटरफॉल रोड, मग माणूस काय समजणार? बागेच्या पार आतल्या टोकापर्यंत घामाघूम होऊन गेलो तर पुढे गेट बंद. पाण्याचा आवाज तेवढा येतोय आणि गार्ड विचारतोय परमिट आहे का. गेटच्या पलीकडे पाणीपुरवठ्याची हद्द, धबधब्याखाली 1892 सालचा छोटा तलाव आहे, सिंगापूरच्या मॅकरिची रिझर्वॉयरला ज्याचं नाव आहे त्याच इंजिनियरने केलेला. पिण्याचं पाणी म्हटल्यावर कोणालाही सोडणार नाहीत हे पटतं हो, पण टॅक्सीवाल्याला हे माहीत नव्हतं असं थोडंच आहे. तो वर "बिग वॉटरफॉल, व्हेरी नाइस" करत होता आणि बस तिकडे जातच नाही म्हणून सांगून 40 रिंगिट घेऊन गेला. बागेच्या मुख्य गेटवर उतरलो तर समोर 10 नंबरची बस उभी! दोनेक रिंगिटचं काम. बसला सुट्टे पैसे ठेवा, ड्रायव्हर परत काही देत नाही.

बाग चांगली आहे, एन्ट्री फुकट. 1884 मध्ये चार्ल्स कर्टिस नावाच्या माणसाने जुन्या ग्रॅनाइटच्या खाणीच्या जागेवर उभी केली, तासाभरात आरामात फिरून होते. कैलासपतीचं झाड बघा, फुलं फांदीला नाही, थेट खोडातून लटकतात आणि खाली तोफगोळ्यासारखी फळं, त्याच्याखाली बसू नका.

माकडं मात्र डोक्याला ताप. डोळ्याभोवती पांढरी वर्तुळं असलेली काळसर माकडं गरीब असतात, चष्मा लावून झाडावर गप बसतात. लांब शेपटीवाली तशी नाहीत. मी पाणी पीत होतो तर एकाने मांडीवरच्या सॅकची चेन बोटांनी धरून सावकाश उघडली, एखाद्या कस्टमवाल्यासारखी, आणि बिस्किटाचा पुडा घेऊन गेला. बाहेरचा कप्पा रिकामा ठेवा. खायला तर घालूच नका, दंड आहे.

आता खरा विषय. धबधब्याचा राग डोक्यात होता म्हणून ठरवलं की इथूनच जीप ट्रॅकने पेनांग हिल चढायचा. साधारण 5 किलोमीटर, पक्का रस्ता, मला वाटलं फिरायला गेल्यासारखं होईल. अजिबात नाही! पक्का आहे हीच तर भानगड आहे, पायऱ्या नाहीत, सपाटी नाही, वळणावर तर इतका चढ की टाच टेकत नाही, पोटऱ्या पेटतात, त्यात दमटपणा असा की टीशर्ट पिळून परत घातला तरी फरक नाही आणि मधूनच वरून जीप येते तेव्हा कडेला व्हायला लागतं. मी 11 ला सुरू केलं, शुद्ध मूर्खपणा. सकाळी 7 च्या आत निघा, दोन लिटर पाणी घ्या. चढताना वाटेत 84 नंबरचा विसाव्याचा थांबा लागतो, तिथले स्वयंसेवक चहा देतात, तो मी तीन कप प्यायलो आणि डब्यात पैसे टाकले, तुम्हीही टाका. एवढा गोड चहा एरवी मी थुंकला असता, तिथे अमृत वाटला.

बागेजवळच्या मून गेट नावाच्या गोल दरवाजाकडून येणारी जंगलातली वाट पण याच 84 ला येऊन मिळते. मला आधी कळलं असतं तर तिथूनच आलो असतो, सावली तरी असते, पाऊस झाला असेल तर मात्र मुळांवरून घसरायला होतं.

वर पोचल्यावर काय हवा आहे राव! दहा मिनिटं सगळं माफ केलं, टॅक्सीवाल्याला सुद्धा. पण उतरायला जीप ट्रॅक घेऊ नका, गुडघे जातील. काही लोक तर उलटं चालत उतरत होते, मला आधी वाटलं गंमत करतायत. सरळ केबल ट्रेनने खाली या. परदेशी लोकांना तिकीट स्थानिकांपेक्षा बरंच महाग आहे, शनिवार-रविवारी रांग पण मोठी असते, तरी द्या पैसे. फक्त लक्षात ठेवा, ट्रेन डोंगराच्या दुसऱ्या बाजूला एअर इताम भागात उतरवते, बागेपाशी नाही, त्यामुळे गाडी बागेत लावून वर गेलात तर परत टॅक्सी आलीच.