रेघ जुळली

रविवार, रात्रीचे पावणेबारा. पाऊस उघडलाय.

सकाळी आईला वरच्या खोलीत बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि इथल्या, इंदूरच्या जेल रोडवरून आणलेल्या त्या जुन्या डेस्कटॉपचं बटण दाबलं. काळा पडदा, आणि वरच्या कोपऱ्यात पांढरं 'नमस्कार'. त्याच्या मागे विंडोज नाही की लिनक्स नाही; गेलं दीड वर्ष ऑफिसातून आल्यावर मी जी स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत बसतो, तेवढीच. आईनं चष्मा नीट केला, वाकून अगदी जवळून पाहिलं आणि न पासून र पर्यंत हवेतच बोटानं रेघ ओढली. "आता बरोबर," म्हणाली.

तिच्या त्या एका शब्दासाठी महिना गेला.

या घरात अक्षरांचा शेवटचा निकाल तिचाच. इथल्या मराठी शाळेत ३१ वर्षं तिनं पहिलीच्या मुलांकडून अक्षरं गिरवून घेतली. रामबागेत आजही पन्नाशीतली माणसं रस्त्यात थांबून तिच्या पाया पडतात. गेल्या महिन्यात मी मोठ्या आनंदानं तिला पहिल्यांदा पडदा दाखवला, तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हे काय करून राहिलास रे? रेघ तुटलीय. अक्षरं दोरीवर वाळत घातल्यासारखी दिसतायत."

खरंच तुटली होती. दोन अक्षरांमध्ये एका ठिपक्याची फट. मला ती दिसत होती, पण मी चालवून घेतली होती.

सुरुवातीच्या दिवसांत असल्या बारकाव्यांकडे बघायला सवडच नव्हती. डिस्कवरचे पहिले ५१२ बाइट, त्यातले शेवटचे दोन ५५ आणि एए (सोळाच्या पायातले आकडे) नसतील तर बायॉस, म्हणजे मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम, डिस्कला ओळखही दाखवत नाही. मग कीबोर्ड. एक कळ दाबली की एक अक्षर उमटायचं आणि नंतर सगळं ठप्प. तीन आठवडे मी कीबोर्डच्याच कोडमध्ये चूक शोधत होतो. चूक अशी होती की इंटरप्ट कंट्रोलरला, म्हणजे कळ दाबल्याची वर्दी प्रोसेसरला देणाऱ्या चिपला, 'काम झालं' असं उलट कळवायचं राहून गेलं होतं. ते कळेपर्यंत तो पुढची कळ प्रोसेसरपर्यंत पोचूच देत नाही. ज्या रात्री सलग 'क ख ग' च्या जागी ए बी सी उमटले, त्या रात्री मला झोप आली नाही. आणि तेव्हाच वाटलं, ए बी सी का?

टेक्स्ट मोडमध्ये, म्हणजे पडद्यावर फक्त ठरलेली अक्षरं दाखवायच्या पद्धतीत, ८० रकाने आणि २५ ओळी. प्रत्येक अक्षराचं चित्र आठ ठिपके रुंद, सोळा ठिपके उंच, म्हणजे सोळा बाइट. ही चित्रं व्हिडिओ कार्डाच्या मेमरीत असतात आणि आपल्याला ती बदलता येतात. आईनं आलेखाच्या वहीत आठ बाय सोळाच्या चौकटी आखल्या आणि पेन्सिलीनं घरं भरली. वरून तिसरी ओळ पूर्ण काळी, आठही घरं, ती शिरोरेघ. बाइटमध्ये २५५. मग फट आली कुठून?

आकडे माझ्या डोळ्यांसमोरच होते. पडदा ७२० ठिपके रुंद, रकाने ८०. प्रत्येक रकाना नऊ ठिपक्यांचा! इंग्रजी अक्षरं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून व्हीजीए (व्हिडिओ कार्ड ज्या मानकानं चालतं ते) नववा ठिपका स्वतः जोडतं आणि रिकामा ठेवतं. प्रत्येक अक्षराच्या चित्राला एक क्रमांक असतो; अपवाद फक्त १९२ ते २२३ या ३२ क्रमांकांचा. आयबीएमच्या मूळ अक्षरसंचात तिथे तक्ते आखायच्या रेघा आहेत आणि त्या जुळायलाच हव्यात, म्हणून तिथे आठवा ठिपका नवव्यात पुन्हा उमटतो. १९८७ सालच्या व्हीजीएमध्ये कुणीतरी तक्त्यांसाठी ठेवलेली ही सोय आपल्या शिरोरेघेला अशी उपयोगी पडावी, याचा आनंद मला अजून मावत नाहीये.

मी अक्षरं १२८ पासून भरली होती. ती उचलून १९२ पासून मांडली. रेघ जुळली, पण म जाड झाला: त्याचा दंड आठव्या घरात होता, तोही नवव्यात उमटला. आईनं खोडरबर घेतला, न आणि म दोघांचे दंड एकेक घर आत घेतले आणि काना निराळा काढून दिला. न, म, अर्धा स, क, काना, र. सहा चित्रं.

नववा ठिपका साफ बंदही करता येतो, पण मग ठिपक्यांच्या घड्याळाचा वेगही बदलावा लागतो. ते करीन. ग्राफिक्स मोडही करीन. वेलांट्या आणि जोडाक्षरं या चौकटीत बसणार नाहीत, हे मला दिसतंय. तूर्तास माझ्याकडे २६ जागा उरल्यात.

चहा पिताना आईनं विचारलं, "ळ घेतलास का?" म्हटलं, नमस्कारमध्ये ळ कुठे असतो? ती म्हणाली, "नसू दे. आधी ळ घे." इंदुरात वाढलेल्या मुलांच्या वहीत ळ चा ल झालेला तिनं ३१ वर्षं लाल पेनानं दुरुस्त केला आहे. गल्लीतली लहान मुलं आताही घरी 'बाळ' म्हणतात आणि लिहिताना 'बाल' लिहितात. मी वाद घातला नाही.

दुपारभर ती वही घेऊन बसली होती. ळ ची दोन वाटोळी आठ घरांत मावेनात. तिसऱ्या खेपेला तिनं मधला उभा ठिपका दोन्हींत सामाईक ठेवला. सात घरांत ळ बसला, आठवं मोकळं. आताच ते सोळा बाइट टाकून मशीन पुन्हा सुरू केलं. क्रमांक १९८. आई झोपली आहे, सकाळी दाखवीन.