आजीचा बत्ता आणि फौजदाराचा पंचनामा: विनोदी रहस्यनाटकाच्या तालमीतून

हौशी राज्य नाट्य स्पर्धेच्या परभणी केंद्रासाठी आम्ही यंदा दोन अंकी खुनाचं नाटक बसवतोय, तेही विनोदी. वाचनं संपली, पहिला अंक उभा राहिला. दुसरा अजून हातात वही घेऊन चालतो. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे गेली आहे. प्रमाणपत्र आल्याशिवाय प्रयोग नाही, तेव्हा ज्यांचं यंदा घाटतंय त्यांनी हे काम आधी उरकावं.

गोष्ट वाड्यात घडते. माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर, आतल्या खोलीला आतून कडी आणि आबासाहेब मरून पडलेले. उजेडासाठी माळवदाला ठेवलेलं साणं एवढीच उघडी जागा. त्यातून मांजर येईल, माणूस नाही. खुनी कोण ते लिहिणार नाही. शस्त्र मात्र पहिल्या अंकाच्या शेवटी उघड होतं, म्हणून सांगतो: खलबत्त्यातला बत्ता.

पडदा उघडल्यापासून आजी येसर, म्हणजे आमटीचा मसाला, कुटायला तो शोधतेय. “येसर कुटायचाय, बत्ता कुणी नेला?” सगळं नाटक या एका वाक्यावर उभं आहे आणि तालमीतला सर्वांत जास्त वेळ आम्ही त्यालाच दिला. हशात वाक्य बुडतं हे आपल्याला माहीतच आहे. नुसत्या विनोदी नाटकात त्यामुळे एखादा पंच वाया जातो. रहस्यनाटकात पुरावा वाया जातो, आणि शेवटी प्रेक्षकाला वाटतं की आपल्याला फसवलं. पुरावा त्याच्यासमोर ठेवलेला असला पाहिजे आणि तरी तो त्याला दिसता कामा नये, ही या प्रकारातली खरी मेहनत.

आजीचं दुसऱ्या वेळचं विचारणं जावयाच्या चहाच्या प्रसंगातल्या हशाला चिकटून यायचं. तालमीला बसलेल्या मंडळींना नंतर विचारलं तर ते वाक्य कुणालाच आठवेना. आता आजी आधी विचारते आणि नातू म्हणतो, “बत्ता सापडंना म्हणून फौजदाराला बोलवायलीस का, आजी?” हशा या उत्तरावर येतो. बत्ता नाही हे त्यामुळे पक्कं डोक्यात राहतं, पण गंमत म्हणून. तिसऱ्या वेळी आजी बोलतच नाही. रिकामा खल उचलते, पदराने आतून पुसते आणि होता तिथे ठेवते. हे नुसतं पाहून पहिल्या बाकावरच्या एक बाई “अगं बाई!” म्हणाल्या, तेव्हा आम्ही त्या जागेवरचा संवाद कायमचा काढून टाकला.

दुसरा भरपूर मालमसाला कायद्यातून मिळाला. आमच्यातले एक वकील आहेत, त्यांना पहिल्या वाचनापासून बसवलं. मरणोत्तर पंचनाम्याला शेजारपाजारचे दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी लागतात. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ मध्ये तसं होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ मध्ये आहे. यातून आमचा सर्वांत रंगलेला प्रवेश निघाला. फौजदार दोन प्रतिष्ठित माणसं मागतो आणि ढाळजेत, म्हणजे वाड्याच्या दाराजवळच्या ओसरीत, जमलेला प्रत्येकजण दुसरा कसा प्रतिष्ठित नाही ते पुराव्यानिशी सांगतो. या भांडणात कोण त्या रात्री कुठे होता हेही आपोआप बाहेर पडतं, म्हणजे तपास आणि विनोद एकाच वाक्यात होतो. असं जमलं की लिहिल्याचं सार्थक वाटतं.

कलमांचंही तसंच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाचं ३०२ जाऊन १०३ आलं. आमचा जुना जमादार ‘तीनशे दोन’ म्हणतो, तरुण फौजदार दर वेळी दुरुस्त करतो. लोक त्याला हसतात, आणि त्याच हशाच्या आडून २०२२ ची तारीख घातलेला एक अर्ज पुढे येतो, ज्यात ‘कलम १०३’ लिहिलंय. अर्ज मागाहून बनवलेला आहे हे ज्याला कळेल त्याला खोटारडा सापडेल. खुनी सापडणार नाही, म्हणून हे इथे सांगायला हरकत नाही.

सगळ्यांना दिवाणखान्यात बसवायचं आणि गुन्हेगाराने पोलिसासमोर भडाभडा कबूल करायचं, हा रहस्यनाटकाचा ठरलेला शेवट. पण पोलिसाकडे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. पूर्वी पुरावा अधिनियमाचं कलम २५ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं २३. त्यामुळे आमच्याकडे आरोपी तोंड उघडणार तेवढ्यात घरातला वकील फौजदारालाच ढकलत अंगणात नेतो. ही जागा अजून नीट बसलेली नाही. फौजदाराची एक्झिट लांबते आणि ताण सुटतो.

विषाबद्दल एक गोष्ट ठामपणे ठरवली. सुरुवातीला फवारणीचं औषध वापरू असं कुणीतरी सुचवलं होतं. आपल्या भागात ते नाव ऐकून ज्यांच्या घरातला माणूस आठवेल, असे लोक प्रत्येक प्रयोगाला बसलेले असतात. त्यांच्यासमोर त्यावर हशा मागायचा नाही. विषय तिथेच संपला.

प्रकाशयोजनेत मात्र नवीन धडा मिळाला. खून काळोखात होतो. आपल्याकडे पूर्ण अंधार झाला की लोकांना लाइट गेली असंच वाटतं. तालीम पाहायला आलेल्या पोरांनी लगेच मोबाइलचे टॉर्च लावले आणि खुनी मंचावर चालताना सगळ्यांना दिसला. आता पूर्ण ब्लॅकआउट नाही. ढाळजेतला एक कंदील जळत ठेवतो आणि खोलीच्या बाजूचे डिमर हळूहळू खाली घेतो. प्रेक्षक कंदिलाकडे बघत राहतात, तेवढ्यात विंगेतून काम होतं.

प्रेताचं काम करणारे आमचे मास्तर पोटाने श्वास घेतात, तेव्हा त्यांना लोडाच्या मागे, पाय प्रेक्षकांकडे करून झोपवलंय. लाकडी बत्त्याला रंग छान बसलाय, पण तो पडल्यावर आवाज अगदीच हलका येतो. खरा बत्ता फरशीवर टाकून आवाज रेकॉर्ड करायचा आहे.

रंगीत तालमीआधी बाहेरच्या मंडळींसमोर एक रनथ्रू, म्हणजे न थांबता सगळ्या नाटकाची तालीम, ठेवतोय. मध्यंतराच्या चहाबरोबर प्रत्येकाला कोरी चिठ्ठी देणार: संशय कुणावर? ज्या पात्राच्या नावाची एकही चिठ्ठी येणार नाही, त्याचे प्रवेश दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहायला घेणार.